दातांसाठी स्टेम सेल: प्लग, रक्ताची गाठ, दातांची बँक की सरळ इम्प्लांट? ठरवायचं कसं

भाचा सायकलवरून पडला तेव्हा नऊ वर्षांचा होता. वरचा पटाशीचा दात आपटला, तुटला नाही म्हणून सगळे खुश, पण दोन-तीन महिन्यांत दात राखाडी दिसायला लागला आणि हिरडीवर पुटकुळी आली, म्हणजे आतली नस मेली होती. मग घरच्या ग्रुपवर सुरू झालं. एकाने फॉरवर्ड टाकला की आता स्टेम सेलने मेलेला दात जिवंत होतो, दुसऱ्याने दुधाचे दात फ्रीझ करून ठेवणाऱ्या बँकेचं ब्रोशर टाकलं, तिसरा म्हणे काढून टाका, मोठा झाला की इम्प्लांट करू. मी काही डेंटिस्ट नाही, पण "तूच वाच बाबा आणि सांग" हे काम दरवेळी माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे वाचलं, दोन डॉक्टरांना भेटलो आणि जे समजलं ते इथे लिहून ठेवतोय. अशाच पेचात असलेल्या कुणाला उपयोग होईल.

पहिली गोष्ट म्हणजे "स्टेम सेल ट्रीटमेंट" या एकाच नावाखाली तीन एकदम वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकात पेशी तुमच्याच जबड्यात आधीपासून असतात, डॉक्टर फक्त त्यांना दातात यायला भाग पाडतो. दुसऱ्यात तुमच्या किंवा दुसऱ्याच्या पेशी लॅबमध्ये वाढवून दातात घालतात. आणि तिसऱ्यात पेशी फ्रीझरमध्ये पडून असतात आणि पुढे कधीतरी उपयोग होईल असं सांगितलं जातं. पहिली आज बऱ्याच ठिकाणी होते, दुसरी जवळजवळ सगळी ट्रायलमध्ये आहे, तिसरी हे वचन आहे. त्यामुळे कुणी स्टेम सेल म्हटलं की मी एकच प्रश्न विचारतो, पेशी येणार कुठून? उत्तर गोलगोल आलं तर तिथेच समजून जायचं.

या पेशी असतात कुठे

२००० साली अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत ग्रोंथोस, सोंगताओ शी आणि त्यांच्या टीमने अक्कलदाढेच्या पल्पमधून, म्हणजे आपण ज्याला नस म्हणतो त्यातून, स्टेम सेल वेगळ्या काढल्या. २००३ मध्ये शी यांच्याच टीमने पडलेल्या दुधाच्या दातातही त्या असतात हे दाखवलं, आणि ती कल्पना म्हणे त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा हलणारा दात बघून सुचली. नंतर दाताला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटमध्ये सापडल्या (२००४), आणि कच्च्या मुळाच्या टोकाशी जो मऊ गोळा असतो त्यातही (२००६). हा शेवटचा गोळा लक्षात ठेवा, भाच्याची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

आता काय होऊ शकत नाही ते पण आत्ताच सांगतो म्हणजे निम्मे फॉरवर्ड तिथेच बाद होतील. इनॅमल परत येत नाही. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात, मोठ्या माणसाच्या तोंडात त्या कुठेच नसतात, त्यामुळे किडलेल्या भागावर काहीतरी लावलं आणि वरचं कवच पुन्हा उगवलं असं होत नाही. इनॅमलच्या आतला दाताचा कडक भाग, म्हणजे डेंटिन, मात्र वाढू शकतं, नस जिवंत असेल तर दात स्वतःच आतून थोडा थोडा थर चढवत असतो. सगळी आशा त्या आतल्या बाजूला आहे.

मूळ कच्चं असलेला मेलेला दात: प्लग की रक्ताची गाठ

पुढचा कायमचा दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतो पण त्याचं मूळ पूर्ण व्हायला त्यानंतर दोन-तीन वर्षं लागतात. तोपर्यंत मुळाचं टोक नळीसारखं उघडं असतं आणि भिंती पातळ. अशा वेळी नस मेली तर मूळ आहे तिथेच थांबतं. नेहमीची रूट कॅनल करता येत नाही कारण भरलेलं मटेरियल खालून बाहेर जाणार, टोक बंदच नाही ना.

जुना उपाय होता कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून महिनोनमहिने, कधी वर्षभर, टोकाशी कडक थर तयार व्हायची वाट बघायची. तो थर तयार व्हायचा पण दात ठिसूळ व्हायचा. २००२ मध्ये आंद्रेआसन यांनी मेंढीच्या दातांवर दाखवलं की असं वर्षभर ठेवलं तर दाताची ताकद जवळपास निम्मी होते. आज तुम्हाला कुणी वर्षभराचं हे औषध सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा, एवढंच सांगेन.

आता खरी निवड दोघांत आहे. एक म्हणजे एमटीए प्लग. एमटीए हे लोमा लिंडा युनिव्हर्सिटीत तोराबिनेजाद यांच्या टीमने आणलेलं, १९९३ पासून वापरात आलेलं सिमेंट, आणि गंमत म्हणजे ते इमारती बांधतात त्या पोर्टलंड सिमेंटचंच शुद्ध केलेलं भावंड आहे. उघड्या टोकाशी तीन-चार मिलिमीटरचा बूच मारायचा, वर रबरासारखं नेहमीचं मटेरियल भरायचं, एक-दोन सिटिंगमध्ये काम खतम. कसं जाणार हे डॉक्टरला आधीच माहीत असतं, पेशंटला सोपं, बहुतेक चांगल्या एंडोडॉन्टिस्टच्या, म्हणजे रूट कॅनलच्या स्पेशालिस्टच्या, हातात बसलेलं. तोटा एकच पण मोठा, मूळ आहे तेवढंच राहणार, पातळ ते पातळच, आणि मुलगा अजून दहा वर्षं खेळणार पडणार. हिरडीजवळ, दाताच्या मानेशी, दात मोडायची भीती तिथे असते.

दुसरी म्हणजे रिव्हॅस्क्युलरायझेशन, यालाच रिजनरेटिव्ह एंडोडॉन्टिक्स म्हणतात. कल्पना जुनी आहे, १९६१ मध्ये नॉर्वेच्या निगार्ड-ओस्टबी यांनी दाताच्या आत रक्ताची गाठ होऊ देऊन काय होतं ते बघितलं होतं, पण आजच्या रूपात ती २००१ च्या इवाया यांच्या आणि २००४ च्या बँक्स आणि ट्रोप यांच्या केसेसनंतर पसरली. पहिल्या सिटिंगला दात आतून खरवडत नाहीत, फक्त धुतात, तेही सौम्य म्हणजे दीड टक्क्याच्या हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने, कारण जास्त कडक द्रावण जंतूंबरोबर पेशींनाही मारतं. मग औषध भरून काही आठवडे बंद. दुसऱ्या सिटिंगला भूल देतात ती ॲड्रिनलिन नसलेली, कारण ॲड्रिनलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि इथे तर रक्तच पाहिजे. ईडीटीए नावाच्या द्रावणाने धुतात, त्याने डेंटिनमध्ये अडकलेले ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं, मोकळे होतात, ही गोष्ट मला भारी वाटली, दाताच्या भिंतीतच लहानपणीचं खत साठवलेलं असतं. मग बारीक फाइल मुळाच्या टोकाच्या थोडी पलीकडे घालून मुद्दाम रक्त काढतात, ते दातात वर चढतं, गाठ होते, त्यावर एमटीए किंवा तसलंच सिमेंट आणि वर फिलिंग. बास. इंजेक्शनमधून कुठलीही स्टेम सेल आलेली नाही, पेशी त्या रक्ताबरोबर टोकाजवळच्या मऊ गोळ्यातून आल्या. २०११ मध्ये लव्हलेस वगैरेंनी ते रक्त तपासलं तेव्हा स्टेम सेलच्या खुणा शरीरातल्या नेहमीच्या रक्तापेक्षा काहीशे पट जास्त सापडल्या होत्या, म्हणजे ही नुसती थिअरी नाही.

मग जिंकलं कोण? आकड्यांत बघितलं तर कुणीच नाही. २०१७ मध्ये तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी आधीच्या सगळ्या अभ्यासांची बेरीज केली, दात टिकण्याचं प्रमाण दोन्हीकडे ९७ टक्क्यांच्या आसपास, आणि यशाचं प्लगमध्ये साधारण ९५, रक्ताच्या गाठीत ९१, फरक आकडेशास्त्राच्या हिशोबाने धरण्यासारखा नाही. फरक आहे तो यश कशाला म्हणता त्यात. प्लगमध्ये दुखणं गेलं, हाड भरलं, झालं. दुसऱ्यात ते तर होतंच, शिवाय मूळ लांब-जाड व्हायची शक्यता असते, आणि कधी कधी दाताला पुन्हा गार लागतं. पण शक्यता आहे, खात्री नाही, आणि मार लागून मेलेल्या दातात ही वाढ जरा कमीच भरवशाची, कारण मुळाला आकार देणारी जी आवरणासारखी पेशींची रांग असते ती मारानेच खराब झालेली असू शकते. हे आम्हाला दुसऱ्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, पहिल्याने नाही सांगितलं.

अजून एक गोष्ट फॉरवर्डमध्ये कधीच नसते. आत जे तयार होतं ते बहुतेक वेळा खरी नस नसते. असे दात पुढे कुठल्या कारणाने काढावे लागले तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर आत सिमेंटमसारखा (मुळावरचा कडक थर), हाडासारखा, लिगामेंटसारखा टिश्यू सापडला, डेंटिन बनवणाऱ्या पेशींची व्यवस्थित रांग फार क्वचित. डॉक्टर लोक त्याला रिजनरेशन न म्हणता रिपेअर म्हणतात. माझ्या दृष्टीने नऊ वर्षांच्या पोराला रिपेअर पण चालेल, भिंत जाड झाल्याशी मतलब.

तोटे पण मोजा. दोन-तीन सिटिंग, मूल शांत बसायला हवं. दात अजून काळपट होऊ शकतो, विशेषतः मधल्या आठवड्यांत आत भरायचं औषध म्हणजे तीन अँटिबायोटिकची पेस्ट असेल आणि तिच्यात मिनोसायक्लिन असेल किंवा सिमेंट जुनं राखाडी असेल तर, म्हणून पुढच्या दातासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइड (इथे फक्त काही आठवडे, वर्षभर नाही) आणि न डागाळणारं सिमेंट वापरणार का हे आधीच विचारा. कधी रक्तच येत नाही. कधी काही वर्षांनी आतली पोकळी पूर्ण भरून येते आणि मग रूट कॅनल करायची वेळ आली तर रस्ता सापडत नाही. आणि फॉलोअप लांबलचक, सहा महिने, वर्ष, दोन वर्षं, पुढे दरवर्षी. जे लोक परत फिरकणार नाहीत हे स्वतःलाच माहीत आहे त्यांनी प्लग घ्यावा, खरंच.

आमचा निर्णय शेवटी एका साध्या गोष्टीवर झाला. रक्ताची गाठ फसली तर नंतर प्लग मारता येतो, आधी प्लग मारला तर नंतर गाठीचा रस्ता बंद. परतीची वाट असलेला पर्याय आधी. मूळ जवळजवळ पूर्ण असतं, टोक जेमतेम एक मिलिमीटर उघडं असतं, तर मी उलटं सांगितलं असतं, तिथे मिळवण्यासारखं फार उरत नाही.

मोठ्या माणसाचा दात: रूट कॅनल की काहीतरी जिवंत

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. तीस-चाळीशीतल्या माणसाच्या दाताचं टोक बंद झालेलं असतं, छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, आणि तिथला तो मऊ गोळा केव्हाच संपलेला. एवढ्या बारीक भोकातून नवीन रक्तवाहिन्या आत येऊन मुळातला आख्खा कालवा, म्हणजे नस असते ती पोकळी, भरतील ही अपेक्षा जड आहे. प्रयोग झालेत, छिद्र मुद्दाम मोठं करून गाठ घडवली आणि काही ठिकाणी आजार बराही झाला. पण नीट केलेली रूट कॅनल आणि वर वेळेत कॅप, ही जोडी इतकी भरवशाची आहे की माझ्या दातावर मी तरी प्रयोग करून घेणार नाही.

पण एक मधला पर्याय आहे ज्याच्याबद्दल कुणी फॉरवर्ड पाठवत नाही कारण त्यात स्टेम सेल हा शब्दच नाही. नस पूर्ण मेली नसेल, नुसती वरच्या भागात सुजली असेल, तर फक्त तेवढा वरचा भाग काढून मुळातली नस तशीच ठेवतात आणि वर एमटीए किंवा बायोडेंटाइन नावाचं तसलंच सिमेंट लावून बंद करतात. याला पल्पोटॉमी म्हणतात. पूर्वी ही फक्त लहान मुलांच्या दातात चालते असं समजायचे, आता मोठ्यांच्या दातातही, अगदी दुखत असलेल्या दातातही, ती चालते असा पुरावा जमत गेलाय आणि अमेरिकेच्या एंडोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०२१ मध्ये नस वाचवण्यावर अधिकृत भूमिकाही मांडली. निर्णय तिथल्या तिथे होतो, वरचा भाग काढल्यावर काही मिनिटांत रक्त थांबलं तर उरलेली नस ठीक आहे असं धरतात, नाही थांबलं तर अजून खाली किंवा सरळ रूट कॅनल. आणि गंमत बघा, ज्या स्टेम सेलसाठी लोक बँकेत पैसे भरतात त्या इथे तुमच्याच दातात, तुमच्याच रक्तपुरवठ्यावर, फुकट जिवंत राहतात आणि सिमेंटखाली नवीन डेंटिनचा पूल बांधतात. रूट कॅनल सांगितली असेल तर "नस वाचवता येईल का, पल्पोटॉमीचा विचार केला का" हे विचारायला लाजू नका. नाही म्हणाले तर का नाही तेही विचारा, दात पूर्ण मेलेला असेल, मुळाशी पू असेल तर नाहीच होणार, तो वेगळा मुद्दा.

लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी

हे वाचताना मला खरोखर थरार वाटला, त्यामुळे जरा हात आखडता घेऊन लिहितो. २०१७ मध्ये जपानमध्ये मिसाको नाकाशिमा यांच्या टीमने पाच पेशंटमध्ये त्यांच्याच नको असलेल्या दातातल्या पेशी वाढवून दुसऱ्या दाताच्या रिकाम्या कालव्यात घातल्या, २४ आठवडे बघितलं, अपाय दिसला नाही आणि बहुतेकांच्या दाताला विजेच्या टेस्टमध्ये संवेदना परत आली. २०१८ मध्ये चीनमधल्या टीमने ट्रायल छापली, मार लागून नस मेलेली लहान मुलं, ३० जणांना स्वतःच्या दुधाच्या दातातल्या पेशी, १० जणांना नेहमीचं टोक बंद करायचं काम. शेवटपर्यंत राहिलेल्या २६ मुलांच्या दातात वर्षभराने रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला पल्प दिसला, मूळ लांब झालं, टोक अरुंद झालं. रक्ताच्या गाठीपेक्षा हे खऱ्या नसेच्या जास्त जवळचं आहे. २०२० मध्ये नाळेतल्या, म्हणजे दुसऱ्याच्या, पेशी मोठ्या माणसांच्या दातात घालून ३६ जणांवर रूट कॅनलशी तुलना झाली, आजार दोन्हीकडे बरा झाला आणि पेशीवाल्या गटात साधारण अर्ध्या दातांना संवेदना आली.

मग घ्यायची का? आकडे परत वाचा, पाच, छत्तीस, चाळीस. पेशी वाढवायला स्वच्छ लॅब लागते, आठवडे लागतात, प्रत्येक बॅच तपासावी लागते, आणि एवढं करून तुलना कशाशी, तर दोन सिटिंगमध्ये होणाऱ्या रूट कॅनलशी. जपानमध्ये रिजनरेटिव्ह औषधांसाठी २०१४ पासून वेगळा कायदा लागू आहे आणि त्याच्या चौकटीत काही क्लिनिक हे करतात, औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने मात्र दातांसाठी एकाही स्टेम सेल प्रॉडक्टला मान्यता दिलेली नाही. रजिस्टर झालेली ट्रायल जवळ चालू असेल, मूल त्यात बसत असेल आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नसतील तर जरूर चौकशी करा. कुणी ट्रायल नाही, कागद नाही आणि पॅकेज सांगतोय तर उठा.

हिरड्या आणि हाड

इथे थोडक्यात, कारण निर्णय सोपा आहे. पायोरियाने दाताभोवतीचं हाड गेलं तर आज चालणारे पर्याय म्हणजे खोल सफाई, हाडाची पावडर, पडदा, आणि डुकराच्या दातांच्या कळ्यांपासून बनवलेलं इनॅमल मॅट्रिक्स जेल. २०१६ मध्ये चीनमध्ये ३० पेशंटच्या ४८ दातांवर लिगामेंटच्या पेशी अधिक हाडाची पावडर विरुद्ध नुसती पावडर अशी तुलना झाली, दोन्हीकडे हाड वाढलं पण पेशींनी वेगळा फायदा दाखवला नाही. सुरक्षित होतं, जास्त चांगलं नव्हतं.

आणि पीआरएफ. तुमचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवतात, पिवळसर जेलीसारखा थर मिळतो, तो जखमेत ठेवतात. ठीक आहे, जखम भरायला मदत होते, पण त्यात प्लेटलेट, फायब्रिन आणि पांढऱ्या पेशी असतात, त्याला स्टेम सेल थेरपी म्हणणं म्हणजे ताकाला तूप म्हणण्यासारखं. बिलावर काय लिहिलंय ते बघा.

दुधाच्या दातांची बँक: ठेवायचे की नाही

बहिणीने यावर सगळ्यात जास्त डोकं खाल्लं कारण धाकटीचे दात नुकते हलायला लागले होते आणि ब्रोशरमध्ये लिहिलं होतं की ही संधी आयुष्यात एकदाच येते.

एकदाच येत नाही. दुधाचे दात वीस असतात आणि ते सहा ते बारा वर्षांत पडतात. पुढे वाकडे दात सरळ करताना कधी दाढा काढतात, त्यानंतर अक्कलदाढा आहेतच, आणि पहिल्यांदा ज्या पेशी सापडल्या त्या अक्कलदाढेतल्याच होत्या. घाई कुणी करत असेल तर ती त्याची घाई आहे.

दुसरं, माल किती असतो ते बघा. २००३ च्या त्या मूळ पेपरमध्ये पडलेल्या एका पटाशीच्या दातातून वाढू शकणाऱ्या पेशी मिळाल्या होत्या १२ ते २०. लाख नाही, बारा ते वीस. त्या झपाट्याने वाढतात हे खरं, पण सुरुवात तिथून आहे. आणि त्यासाठी दात योग्य वेळी हवा. आठवडाभर धाग्यावर लोंबकळून बिस्किटात निघालेला दात उपयोगाचा नाही कारण आतला रक्तपुरवठा तोवर तुटलेला असतो, मूळ थोडं शिल्लक असताना डॉक्टरकडून काढून घेऊन थंड द्रावणात एक-दोन दिवसांत लॅबला पोचवावा लागतो. किडलेला, फिलिंग केलेला, पू झालेला दात बाद. नंतर तो पल्प किंवा पेशी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर राहतात, आणि त्याचं भाडं दरवर्षी.

तिसरं, वापर. समजा वीस वर्षं भाडं भरलं. आज त्या नळीतून दात दुरुस्त करणारा मान्यताप्राप्त उपचार नेहमीच्या क्लिनिकमध्ये मिळत नाही. डायबेटिस, पार्किन्सन वगैरे जी यादी ब्रोशरमध्ये असते ती प्राण्यांवरच्या आणि सुरुवातीच्या प्रयोगांची यादी आहे, उपचारांची नाही. नाळेच्या रक्ताशी तुलना करतात, ती पण चुकीची, कारण नाळेच्या रक्तातल्या पेशी रक्त बनवतात आणि रक्ताच्या आजारांत त्या खरंच वापरल्या जातात, दातातल्या पेशी वेगळ्या जातीच्या, त्या रक्त बनवत नाहीत. काही देशांत नाळेच्या बँकेला लायसन्स मिळतं पण दातांच्या बँकेला नाही, त्यामुळे लायसन्स आहे म्हणाले तर ते नक्की कशाचं आहे हे कागदावर वाचा. कंपनी बंद पडली तर नळ्या कुणाकडे जाणार, गोठवलेला नमुना वितळवल्यावर जिवंत निघतो याची टेस्ट करतात का, त्याचा रिपोर्ट देतात का, हे तीन प्रश्न बहिणीने ईमेलवर विचारले. उत्तर म्हणून डिस्काउंटची ऑफर आली. तिथे तो विषय संपला.

पैसा अगदी जास्त असेल आणि मनाला बरं वाटत असेल तर ठेवा, नुकसान काही नाही. पण तोच पैसा मुलांच्या दाढांना सीलंट (खाचा बंद करणारा थर) आणि फ्लोराइड लावण्यात घातला तर आतल्या स्टेम सेल जागच्या जागी वाचतात.

गेलेला दात: इम्प्लांट की नवीन दाताची वाट

२००९ मध्ये जपानमध्ये ताकाशी त्सुजी यांच्या टीमने लॅबमध्ये बनवलेली दाताची कळी उंदराच्या जबड्यात लावली, दात उगवला, उंदीर त्याने चावू लागला. पण ती कळी उंदराच्या गर्भातल्या पेशींची होती. माणसात तशा पेशी आणायच्या कुठून, आणि दाढ हवी तिथे दाढच, हव्या त्या आकाराची कशी उगवायची, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

त्याच्यापेक्षा पुढे गेलेली गोष्ट स्टेम सेलची नाहीच. यूसॅग-१ नावाचं एक प्रथिन दाताच्या कळीला वाढू देत नाही, ते अडवणारी अँटिबॉडी दिल्यावर उंदरांत आणि फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यात जास्तीचा दात उगवला. कात्सू ताकाहाशी यांच्या टीमने २०२४ मध्ये क्योतो युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये माणसांवर पहिली ट्रायल सुरू केली, ३० ते ६४ वयाचे पुरुष, निदान एक दात नसलेले, आणि तीही फक्त औषध सुरक्षित आहे का बघायला. पहिलं लक्ष्य आहे जन्मतःच बरेच दात नसलेली मुलं, पायोरियाने दाढ गेलेले काका नाही, आणि त्यांनी स्वतः डोळ्यापुढे ठेवलेलं वर्ष २०३० आहे.

आज दात गेला आणि तुम्ही नवीन उगवायची वाट बघत बसलात तर मधल्या काळात काय होतं? बाजूचे दात मोकळ्या जागेत कलतात, समोरच्या जबड्यातला दात त्या जागेकडे सरकतो, आणि तिथलं हाड पहिल्या वर्षातच बरंच झिजतं. म्हणजे उद्या खरंच उपचार आला तर जागा आणि हाड दोन्ही नसणार. मोठ्या माणसाने इम्प्लांट किंवा ब्रिज करून घ्यावा, टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसतो हे ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटवर करून दाखवलं, म्हणजे साठ वर्षांचा अनुभव पाठीशी आहे. वाढत्या मुलाला मात्र इम्प्लांट नाही, जबडा वाढतो आणि स्क्रू जागेवरच राहतो, मग तो दात बुटका दिसायला लागतो. म्हणून त्या तिसऱ्या नातेवाईकाचा "काढून टाका, मोठा झाला की बघू" हा सल्ला सगळ्यात महागात पडला असता, नऊ ते अठरा अशी नऊ वर्षं हाड झिजत बसलं असतं. मेलेला दात, अगदी पुढे पडणार असला तरी, तोवर हाड धरून ठेवतो.

भाच्याच्या दाताला आता दीड वर्ष झालं. पुटकुळी दुसऱ्या सिटिंगच्या आधीच गेली होती, मुळाच्या टोकाशी हाड भरलंय, टोक बरंच बंद झालंय. भिंत एका बाजूला जाड झालीय, दुसऱ्या बाजूला जवळपास होती तशीच. गार टेस्ट अजून निगेटिव्ह, डॉक्टर प्रत्येक वेळी बर्फाची कांडी लावतात आणि तो प्रत्येक वेळी "काय पण नाही" म्हणतो. रंग राखाडीच राहिलाय, आतून ब्लीच करायचं का ते मोठा झाल्यावर बघू म्हणाले. पुढचा एक्सरे सहा महिन्यांनी आहे, आणि तोपर्यंत सायकल चालवताना माउथगार्ड घालायचं असं ठरलंय, जे तो रोज घरी विसरतो.